रात्री दोननंतरचं डेबियन

डेबियन लिनक्सची सुरक्षा-सूचना पूर्वी वाचावी लागायची. मेलच्या माथ्यावर डीएसए ही तीन अक्षरं, पुढे क्रमांक, खाली पॅकेजचं नाव, दोष काय आहे, कुणी शोधला, आणि शेवटी सौम्य शब्दांत सल्ला की पॅकेज ताबडतोब अपग्रेड करा. इथवर आजचं पत्रही तसंच असतं. वुडी या आवृत्तीच्या काळात, म्हणजे २००२ ते २००५ या वर्षांत, खरी गंमत त्याच्या खाली सुरू व्हायची. अल्फा, आर्म, इंटेल, मोटोरोला ६८०००, मिप्स, पॉवरपीसी, स्पार्क अशा अकरा प्रकारच्या प्रोसेसरांसाठी अकरा याद्या. प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता, तिचं माप आणि बत्तीस अक्षरांचा एमडी-५ आकडा. पत्राच्या टोकाला पीजीपी सही. ही फाइल डब्ल्यूगेटने उतरवा, डीपीकेजीने बसवा, ॲप्ट वापरत असाल तर अमुक ओळ घाला, असं सगळं त्यात समजावून सांगितलेलं असे. प्रिंट काढली तर एका दोषाची पाच-सहा पानं सहज भरत.

आमच्याकडे अर्थातच इंटेलच. पण बाकीच्या दहा याद्या खाली सरकवताना नकळत एक भूगोल डोळ्यांपुढून जायचा. जगात कुणीतरी अजून ६८००० मालिकेतल्या प्रोसेसरवर डेबियन चालवतो आहे, एखाद्या जुन्या अमिगावर किंवा ॲपलच्या मॅकवर, आणि त्याच्यासाठीही हीच दुरुस्ती बांधली गेली आहे. अकराही प्रकारांचं बांधकाम आटोपलं की मगच पत्र बाहेर पडायचं, त्यामुळे सर्वांत मंद यंत्राची वाट सगळ्यांनी पाहायची अशी ती रीत होती. तेव्हा याचा वैताग यायचा. आज ती रीत मला सभ्य वाटते.

पत्र आलं की आधी नजर जायची फाइलच्या मापाकडे, दोषाच्या गांभीर्याकडे नंतर. कारण मध्ये टेलिफोन होता. मोडेमवर ५६ के छापलेलं असलं तरी हातात पडायचे सेकंदाला चार किलोबाइट, बरा दिवस असला तर पाच. म्हणजे एक एमबीला चार मिनिटं. लहानशा लायब्ररीची दुरुस्ती चहा होईपर्यंत यायची. कर्नलची दहा एमबीची दुरुस्ती म्हणजे पाऊण तास फोन अडकलेला, मीटर चालू, आणि आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की खेळ खलास. त्या पाऊण तासात नेमका मावशीचा फोन यायचा असे, आणि संध्याकाळी ती दारात येऊन विचारायची की तुमचा फोन कायम कुणाशी चालू असतो रे? कर्नलशी, हे उत्तर देऊन उपयोग नव्हता.

त्यामुळे निवड करावी लागे. सर्व्हरवर बाहेरून कुणाला शिरता येईल असा दोष असेल तर आजच्या आज. आपल्याच मशीनवर लॉगिन असलेल्या माणसाला गैरफायदा घेता येईल असा असेल तर रविवारी. आपण वापरतच नाही अशा पॅकेजमधला असेल तर ते पॅकेजच काढून टाकायचं, कारण काढायला लाइन लागत नाही. या काटकसरीतून एक शिस्त आपोआप अंगात मुरली. मशीनवर नेमकं काय काय बसलं आहे हे पाठ असायचं. नको असलेली सेवा चालू ठेवणं परवडत नसे. सुरक्षेचं पुस्तक न वाचताही सुरक्षेचा पहिला धडा टेलिफोनच्या बिलाने शिकवला.

ज्यांच्याकडे लाइनच नव्हती त्यांच्यासाठी वेगळा मार्ग होता. ॲप्ट-गेटला 'प्रिंट-यूआरआय' असा एक पर्याय आहे. तो दिला की ॲप्ट काही उतरवत नाही, लागणाऱ्या फाइलींचे पत्ते तेवढे छापून देतं. ती यादी फ्लॉपीवर घ्यायची आणि सायबर कॅफेत जाऊन बसायचं. तिथल्या विंडोजवर एकेक पत्ता चिकटवून फाइली उतरवायच्या. फ्लॉपीत १.४४ एमबीच मावायचं, म्हणून मग सीडी रायटर असलेला कॅफे शोधायचा, मालकाला सीडीचे आणि 'बर्न'चे वेगळे पैसे द्यायचे. तो स्क्रीनकडे बघून विचारायचा, हे .डेब काय असतं? गाणी नाहीत का यात? व्हायरसने बुजबुजलेल्या त्या मशीनवरून आणलेल्या फाइली आपण सर्व्हरवर बसवणार, तर भरवसा कशाचा? पत्रातल्या त्या बत्तीस अक्षरांचा. घरी येऊन आकडा जुळवायचा, जुळला तर पुढे. ॲप्ट स्वतःहून सही तपासू लागलं ते एप्रिल २००७ मध्ये आलेल्या डेबियनच्या ४.० आवृत्तीपासून. त्याआधी सही तपासणं हे माणसाचं काम होतं, आणि किती माणसं ते प्रामाणिकपणे करत असतील याचा अंदाज न केलेला बरा. एमडी-५ तर आज कुणी दारात उभं करणार नाही.

मासिकांच्या सीड्या हा दुसरा आधार. पीसीक्वेस्टने लिनक्सच्या सीड्या वाटून एक पिढी घडवली. अतुल चिटणीस यांचं नाव त्या सीड्यांशी कायमचं जोडलेलं आहे. २००३ च्या फेब्रुवारीत 'लिनक्स फॉर यू' आलं, त्यासोबतही सीडी. पुढे उबंटूने तर 'शिपइट' नावाने जगभर फुकट सीड्या पाठवल्या. पाकिटावर परदेशी शिक्के पाहून पोस्टमन दोन मिनिटं थांबायचा. २०११ साली ती योजना बंद झाली. या सगळ्या सीड्यांचा एकच दोष होता, आणि तो कुणाचाच नव्हता. हातात पडेपर्यंत त्या शिळ्या झालेल्या असत. सीडी लिहिली त्या दिवसापासून बसवली त्या दिवसापर्यंत जितक्या सूचना निघाल्या, तितकी भोकं घेऊनच नवी कोरी सिस्टीम सुरू व्हायची.

सीड्यांवरून सार्जची आठवण येते. डेबियनची ३.१ आवृत्ती, टोपणनाव सार्ज, ६ जून २००५ ला आली. वुडीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. चौदा सीड्या! लोकांनी आनंदाने उतरवल्या, एकमेकांना वाटल्या, आणि मग लक्षात आलं की पहिल्या सीडीतून बसवलेल्या सिस्टीमवर सुरक्षा अपडेट येणारच नाहीत. ॲप्टच्या पत्त्यांच्या यादीत सुरक्षा सर्व्हरची जी ओळ असायला हवी, ती टिप्पणीचं चिन्ह लावून निष्क्रिय पडली होती, आणि त्यातही 'स्टेबल'च्या जागी 'टेस्टिंग' लिहिलेलं होतं. काही बिघडत नव्हतं, लाल अक्षरांत चूक दिसत नव्हती. ॲप्ट रोज सांगायचं की सगळं अद्ययावत आहे. डेबियनने लगेच सुधारित सीडी काढली, ३.१ आर शून्य ए. पण वाटलेल्या सीड्या परत कोण गोळा करणार?

सोळा वर्षांनी, २०२१ मध्ये, तीच गोष्ट वेगळ्या वेषात पुन्हा झाली. अकराव्या आवृत्तीत, म्हणजे बुल्सआयमध्ये, सुरक्षा भांडाराच्या नावाची पद्धत बदलली. आधी नावापुढे तिरकी रेघ मारून 'अपडेट्स' असे, आता जोडरेघ देऊन 'सिक्युरिटी'. ही गोष्ट प्रकाशनाच्या टिपणांत स्पष्ट लिहिली होती. यावेळी ॲप्ट निदान तक्रार तरी करायचं. पण टिपणं न वाचता जुन्या ओळीत फक्त आवृत्तीचं नाव बदलून ज्यांनी अपग्रेड केलं आणि ती तक्रार वर सरकून गेलेली पाहिली नाही, त्यांच्यापर्यंत दुरुस्त्या पोचल्या नाहीत. तोवर फायबर घरोघर आलं होतं. ओळ मात्र माणसालाच तपासावी लागत होती.

सार्जच्याच वर्षी, जानेवारी २००५ मध्ये, बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं. २५६ केबीपीएस! आज हा आकडा वाचून मुलं हसतात. मोडेमवर पाऊण तास घेणारी कर्नलची दुरुस्ती आता पाच मिनिटांत येऊ लागली, आणि फोनही मोकळा राहू लागला. मावशीची तक्रार संपली. नवीन तक्रार होती मर्यादेची. महिन्याचे मोजके एमबी, पुढे प्रत्येक एमबीला पैसे. मग तो पाचशे रुपयांचा प्लॅन आला, ज्यात रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. मुंबईकडे एमटीएनएलच्या ट्रायबँडवरही रात्रीची अशीच चैन होती. महाराष्ट्रातल्या लिनक्सवाल्यांच्या एका पिढीचं झोपेचं वेळापत्रक या एका सवलतीने ठरवलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

हिशेब करून पाहा. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. सहा तासांत साधारण ६९० एमबी. एका रात्रीत एक सीडी, जवळजवळ काठोकाठ. कुणी सिनेमे उतरवले, कुणी गाणी. आम्ही क्रॉनमध्ये ओळ घातली: दोन वाजून पाच मिनिटांनी ॲप्ट-गेट अपडेट, मग अपग्रेड, पण फक्त उतरवण्यापुरतं. बसवणं सकाळी, चहा घेऊन, डोळ्यांदेखत. पाच मिनिटं सोडायची, कारण आपल्या घड्याळाचे दोन आणि एक्स्चेंजच्या घड्याळाचे दोन यांत फरक असला तर महिन्याअखेर तो बिलात दिसायचा. सकाळी उठून आधी पाहायचं ते रात्री काय काय आलं. आलेल्या प्रत्येक पॅकेजचा चेंजलॉग उघडून बघायचा. दात घासायच्या आधी लिबपीएनजीमधला बफर ओव्हरफ्लो वाचणारी माणसं मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे संसार बऱ्यापैकी नीट चालले आहेत.

इथवरची सगळी आठवण तारेची झाली. उशीर तारेत आहे, असं तेव्हा आम्हाला वाटायचं, कारण तोच दिसायचा. दुसरा एक उशीर होता तो दिसत नव्हता.

नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्याच चार सर्व्हरांत कुणीतरी घुसलं. त्यांतल्या एकावर सुरक्षा दुरुस्त्यांचं भांडार होतं. एका विकासकाचा पासवर्ड कुठेतरी चोरला गेला होता. त्याने साधं लॉगिन मिळालं, आणि पुढे कर्नलमधल्या 'डू-बीआरके' या फंक्शनमधल्या दोषातून थेट रूटचे सगळे अधिकार. २१ नोव्हेंबरला डेबियनने हे जाहीर करून टाकलं, सगळी खाती बंद केली, भांडारातलं एकेक पॅकेज तपासलं. पॅकेजांना धक्का लागलेला नव्हता. आमच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी होती. कर्नलमधला तो दोष सप्टेंबरातच दुरुस्त झाला होता. पण ती दुरुस्ती करताना हे सुरक्षेचं भोक आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्थिर मालिकेतलं २.४.२३ कर्नल नोव्हेंबर सरताना आलं, आणि डेबियनची सूचना १ डिसेंबरला. घरात जगातली सगळ्यात वेगवान लाइन असती तरी मधले दोन महिने उतरवायला काहीच नव्हतं. दुरुस्ती होती, पण ती दुरुस्ती आहे हे माहीत नव्हतं.

मग १३ मे २००८. डीएसए-१५७१. डेबियनच्या इतिहासातलं सर्वांत नामुष्कीचं पत्र. सप्टेंबर २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन पॅकेजमधून काही ओळी काढल्या गेल्या होत्या, कारण स्मृती तपासणारं एक साधन त्यांच्यावर कुरकुर करत होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिक आकड्यांमधली सगळी यादृच्छिकता गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जायचा. म्हणजे विशिष्ट प्रकारच्या आणि मापाच्या जितक्या एन्क्रिप्शन किल्ल्या डेबियन मशीनवर बनू शकत, त्या सगळ्या कुणीही घरबसल्या आधीच बनवून ठेवू शकत होतं. लुचियानो बेलो या डेबियनच्याच माणसाने हे पकडलं. पावणेदोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मुक्त स्रोतात, कुणालाही वाचता येईल असं हे पडलेलं होतं.

दुरुस्ती उतरवायला आणि बसवायला मोजकी मिनिटं लागली. मग खरं काम सुरू झालं. दोष गेला तरी त्याने बनवलेल्या किल्ल्या तशाच कमकुवत. प्रत्येक सर्व्हरची एसएसएच किल्ली नवी करायची, प्रत्येक माणसाला कळवायचं की पुढच्या वेळी लॉगिन करताना मोठा इशारा येईल, घाबरू नका, यावेळी तो खरोखरच आमच्यामुळे आहे. प्रमाणपत्रं पुन्हा काढायची. ज्यांचे सर्व्हर डेबियनवर नव्हते त्यांनाही सुटका नव्हती, कारण त्यांच्याकडे लॉगिन करणाऱ्या कुणाची तरी किल्ली डेबियनवर बनलेली असायची. डेबियनने त्या पिचलेल्या किल्ल्यांची काळी यादीच पॅकेज करून दिली. सुरक्षा दुरुस्ती म्हणून किल्ल्यांची यादी उतरवण्याचा प्रसंग मी तरी तेव्हाच पाहिला. त्या आठवड्यात अपडेट या क्रियापदाचा आवाका कळला.

गंमत अशी की त्याच काळात आम्ही अपटाइमची शेखी मिरवायचो. मशीन किती दिवस न बंद पडता चालू आहे, याचा आकडा. चारशे दिवस, सहाशे दिवस. मेलच्या सहीखाली तो लिहिणारे महाभाग होते. लिनक्सला विंडोजसारखं सारखं रीबूट करावं लागत नाही, हा अभिमान. आता कुणी सहाशे दिवसांचा अपटाइम दाखवला की मनात पहिला विचार येतो की म्हणजे सहाशे दिवस कर्नलची एकही दुरुस्ती लागलेली नाही. डिस्कवर नवं कर्नल आलं असेल, पण चालू आहे ते जुनंच. लायब्ररींचं तसंच. ओपनएसएसएल बदललं तरी आधीपासून सुरू असलेला वेबसर्व्हर स्मृतीतली जुनी प्रतच वापरत राहतो. रीस्टार्ट न करता केलेलं अपडेट म्हणजे नवं कुलूप आणून खुंटीला टांगून ठेवणं. पूर्वी हे शोधायला एलएसओएफच्या आउटपुटमधून 'डिलीटेड' शब्द चाळावा लागे. आता नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज विचारतं, कोणकोणत्या सेवा पुन्हा सुरू करू? आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्या नीडरीस्टार्टमध्येच रूट मिळवून देणारा, दहा वर्षं जुना दोष निघाला. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत खुद्द ॲप्टमध्ये तसा दोष निघाला होता. दुरुस्ती आणणारा गडीच दुखणं घेऊन यायची शक्यता असल्यामुळे त्याला 'रीडायरेक्ट पाळू नकोस' असं बजावून त्याच्याकडूनच त्याची दुरुस्ती आणवावी लागली.

आताच्या काळाची सुरुवात माझ्या लेखी हार्टब्लीडपासून होते. ७ एप्रिल २०१४, सोमवार. आपल्याकडे रात्र झालेली. ओपनएसएसएलमधल्या एका तपासणीच्या अभावामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेरच्या कुणालाही मागून घेता येत होता, पुन्हा पुन्हा. डेबियनची सूचना, डीएसए-२८९६, त्याच तारखेची. दुसऱ्या दिवशी रामनवमीची सुट्टी, आणि सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर लोक विचारत होते की काय करायचं. ज्याने झोपण्याआधी ॲप्ट चालवलं होतं त्याचं काम तोवर झालंही होतं. दुरुस्ती इतक्या लवकर हाती येण्याची सवय तेव्हापासून लागली.

त्या गोंधळात एक नवा ताप मात्र सुरू झाला, तो अजून चालू आहे. डेबियन स्टेबलमध्ये आवृत्ती बदलत नाही. नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत टाकली जाते. व्हीझी या आवृत्तीत ओपनएसएसएल होतं १.०.१ई, दुरुस्तीनंतरही १.०.१ई, फक्त शेपटीला 'डेब-७ यू-५' लागलेलं. तपासणी करणारं साधन शेपटी बघत नाही. ते 'ई' पाहून अहवालात लाल शेरा मारतं, आणि मग तो अहवाल घेऊन कुणीतरी टाय लावलेला माणूस येतो. त्याला शेपटीचा अर्थ समजावण्यात जितका वेळ जातो, तितक्यात पूर्वी मोडेमवर दुरुस्ती येत असे. ब्राउझरच्या बाबतीत या हट्टाचं आणखीच रामायण झालं. आम्ही न पाहिलेले बदल घालून आमचं नाव लावू नका, असं मोझिलाने म्हटलं आणि २००६ पासून दहा वर्षं डेबियनवर फायरफॉक्सला आइसवीझल म्हणत. आता फायरफॉक्सच्या ईएसआर आवृत्त्या जशा येतात तशा दिल्या जातात. ब्राउझरच्या वेगापुढे जुन्या आवृत्तीला ठिगळं लावणं कुणालाच झेपण्यासारखं राहिलं नाही.

आज अनअटेंडेड-अपग्रेड्स बसवलं की आपल्याला काही करावं लागत नाही. डेबियनचा टायमर सकाळी सहाला जागा होतो, सगळ्या जगाने एकाच क्षणी भांडारावर धाड घालू नये म्हणून तासाभरात कुठेतरी मागेपुढे होतो, आणि दुरुस्त्या बसवून मोकळा होतो. सहा ते सात. दोन ते आठच्या जुन्या खिडकीत ही वेळ बसते, याचं मला अजून हसू येतं. पाच वर्षांचा एलटीएस आधार २०१४ पासून आहे. कर्नलची तातडीची दुरुस्ती चालू मशीनवर लावण्याची सोयही काही वितरणांत मिळते. हे सगळं तेव्हापेक्षा चांगलं आहे, निःसंशय. सायबर कॅफेतल्या सीडीची हुरहुर कुणाला वाटत असेल तर त्याने ती जरूर बाळगावी, पण तिच्यावर सर्व्हर चालवू नये.

हरवलं ते वाचन. मशीन आपोआप दुरुस्त होतं, म्हणून काय बिघडलं होतं हे कुणी विचारत नाही. आणि न वाचणाऱ्यांच्या जगात मार्च २०२४ मधल्या एक्सझेड प्रकरणासारखी गोष्ट होते. एक्सझेड ही डेटा दाबून बांधण्याची एक साधी लायब्ररी, एका थकलेल्या माणसाने फावल्या वेळात सांभाळलेली. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत करत तिचा सहसांभाळकर्ता झालं, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे विकासक डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काहीतरी मोजत होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या प्रश्नाने ते खणत गेले. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळं उघड झालं. डेबियन स्टेबलवाले सुरक्षित राहिले, कारण त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती होती. टेस्टिंग आणि अस्थिरवर तत्परतेने अपडेट करणाऱ्यांच्या घरी चोरवाट पोचलेली होती.

यावरून काही शहाण्यांनी निष्कर्ष काढला की अपडेट उशिराच करावं. हा निष्कर्ष मला मान्य नाही. चोरवाट नव्या आवृत्तीत होती, सुरक्षा दुरुस्तीत नव्हती. स्टेबलची शेपटीवाली दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांतला फरक ज्याला कळतो त्याला इथे गोंधळ व्हायचं कारणच नाही. मला दिसतं ते दुसरं. २०१४ साली अर्ध्या जगाचे व्यवहार ज्यावर चालत त्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी देणग्या मिळायच्या दोनेक हजार डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस जेमतेम एक. दहा वर्षांनी एक्सझेडची कथा तीच. तार हजारोपट मोठी झाली, पण तारेच्या पलीकडची माणसं होती तितकीच राहिली.

आणि आपल्या खिशातलं काय? अँड्रॉइडच्या तळाशी तेच लिनक्स कर्नल आहे. २०१५ च्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या काढू लागलं. पण त्या तुमच्या हातातल्या फोनवर कधी येतील, हे फोन बनवणारा ठरवतो, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनवर दोन-तीन वर्षांनी त्या यायच्याच थांबतात. त्या फोनवर ५जी असतं. ५६ केच्या मोडेमवर बसलेल्या वुडीवाल्याला दुरुस्ती हवी असेल तर रात्रीत मिळत होती, एवढं त्याच्या वतीने नोंदवून ठेवतो.

तेव्हा आज संध्याकाळी तीन गोष्टी करा. पत्त्यांच्या यादीत सुरक्षेची ओळ आहे का आणि तिच्यात आवृत्तीचं नाव बरोबर आहे का ते बघा. अनअटेंडेड-अपग्रेड्सचा लॉग उघडून शेवटची तारीख वाचा. अपटाइम बघा, आणि आकडा मोठा असेल तर अभिमान बाजूला ठेवून रीबूट करा. मशीन बुल्सआयवर असेल तर त्याच्या एलटीएस आधाराची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे.